बदललं, पण लागू झालं का? सर्व्हरचं अपग्रेड आणि ठरवून केलेला रीबूट

वस्तू बदलते तेव्हा नेमकं काय बदलतं, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. आज आपण तो सर्व्हरच्या खोलीत नेऊ या.

सर्व्हर म्हणजे अखंड चालू राहून इतरांना सेवा देणारा संगणक. त्यावर अपग्रेड केलं, की डिस्कवरची फाइल बदलते. पण जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे, तो मेमरीत जुनाच असतो. तो थांबवून पुन्हा सुरू करेपर्यंत नवी फाइल नुसती पडून राहते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघड झाली. दुरुस्त आवृत्ती लगेच मिळाली. पण ती बसवून वेब सर्व्हर पुन्हा सुरू केला नाही, तर गळती चालूच! कागदावर दुरुस्ती झाली, प्रत्यक्षात नाही. कर्नल बदलला, तर बहुतेक वेळा पूर्ण यंत्रच रीबूट करावं लागतं.

मग लोक रीबूट टाळतात का? कारण 'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' सर्व्हर वर्षभर बंद पडला नाही, याचा अभिमानही असतो. पण चालू असणं आणि बरोबर चालणं, या दोन गोष्टी आहेत बरं का.

याचं एक दुःखद उदाहरण आखाती युद्धातलं आहे. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. तिथली पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा. एक दशांश हा अंक द्विमान पद्धतीत पूर्ण मांडता येत नाही, शेपूट तुटतं. ही तूट साठत साठत सुमारे ०.३४ सेकंद झाली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

रीबूट केला असता तर घड्याळ शून्यावर आलं असतं. लागला असता एक-दीड मिनिट. 'फार वेळ सलग चालवल्यास अडचण येऊ शकते' अशी सूचना चारच दिवस आधी गेलीही होती. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे तीत नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोहोचलं २६ तारखेला.

म्हणून पहिला नियम: रीबूटला आकडा आणि तारीख हवी. 'अधूनमधून' हे वेळापत्रक नव्हे.

दुसरा: अपग्रेडच्या *आधीही* एकदा रीबूट करावा. का? समजा, अपग्रेडनंतर यंत्र उठलंच नाही. दोष नव्या सॉफ्टवेअरचा, की चार महिन्यांपूर्वी कुणी बदललेल्या सेटिंगचा? आधीच्या रीबूटमध्ये ते नीट उठलं असेल, तर संशय एकाच ठिकाणी उरतो. जॉन स्टुअर्ट मिलची भेदपद्धती आपण शिकतो, ती हीच: एका वेळी एकच गोष्ट बदला.

तिसरा: बॅकअप आहे, एवढ्यावर थांबू नये. तो परत आणून पाहिला का, हे विचारावं. परतीची वाटही वेळेत बसवावी. दोन तासांची मुभा असेल आणि जुन्या आवृत्तीवर परतायला पाऊण तास लागत असेल, तर सव्वा तासाला निर्णय घ्यायलाच हवा.

चौथा: दोन सर्व्हर असतील तर एकेक करून घ्यावा. पहिला उठला, सेवा तपासली, मगच दुसरा. आणि 'उठला' म्हणजे दिवा लागला एवढंच नव्हे. वापरणाऱ्याचं काम होतंय का, ते पाहावं.

आपण रीबूटची वेळ ठरवली नाही, म्हणून तो टळत नाही. फक्त वेळ ठरवण्याचा अधिकार आपल्या हातून यंत्राकडे जातो. आणि यंत्र सोयीची वेळ पाहत नाही.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.