कोपऱ्यावरचं हॉटेल आणि बोमनकाका

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक माणूस होता. आयुष्यभर त्याने मुंबईत हॉटेल चालवलं, पण लोक त्याला म्हणायचे ‘इराणी’! त्याच्या हॉटेलचं नाव मात्र इंग्रजी. आणि आतल्या तसबिरी? एक इंग्लंडच्या राणीची, एक महात्मा गांधींची! सांगा पाहू, हा माणूस कुठला?

उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका.

तुम्ही म्हणाल, “आम्ही कर्जतची मुलं. मुंबईच्या हॉटेलवाल्याशी आमचं काय काम?” आणि आपलं कर्जत म्हणजे लोकल गाडीचं कर्जत नव्हे बरं का! आपलं कर्जत गोदड महाराजांच्या रथयात्रेचं, रेहेकुरीच्या काळविटांचं, अन् पावसाची वाट पाहणारं. घरी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. विहिरी आटल्या की गावातली माणसं कुठे कुठे पांगतात, ते त्यांना चांगलं ठाऊक असतं. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी उसाच्या फडावर. म्हणूनच ही गोष्ट आपलीही आहे.

वाळवंटातून समुद्राकाठी

इराण देशात यझ्द आणि केरमान नावाची दोन जुनी शहरं आहेत. भोवती वाळवंट. पाऊस नावापुरता. तिथल्या लोकांनी काय युक्ती केली असेल? डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून लांबच लांब बोगदे खोदले आणि पाणी गावापर्यंत आणलं. आपल्या नगर शहरातही निजामशाहीच्या काळी जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणलं होतं. म्हणजे पाण्याची किंमत त्यांनाही कळत होती आणि आपल्यालाही!

या भागात जरथुष्ट्राचा धर्म मानणारे लोक राहत. ते संख्येने थोडे. त्यांना वेगळा कर भरावा लागे, जाच सोसावा लागे. त्यात १८७० नंतरच्या एक-दोन वर्षांत इराणमध्ये भयंकर दुष्काळ पडला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला अनेकांनी गाव सोडलं आणि मुंबईची वाट धरली. मुंबईत त्यांच्याच धर्माचे पारशी होते. पण पारशी इथे हजारएक वर्षांपूर्वी आलेले, गुजराती बोलणारे. हे नवे आले म्हणून ‘इराणी’.

हातात पैसा नाही, भाषा येत नाही. मग करायचं काय? कुणी पारशी घरांत नोकरी धरली, कुणी चहा विकला, कुणी पाव भाजला. हळूहळू चहाची हॉटेलं निघाली. असं सांगतात, की रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा इतर दुकानदारांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यांना मिळाली. पण कोपरा म्हणजे दोन्ही रस्त्यांवरून येणारं गिऱ्हाईक आणि दोन्हीकडून उजेड! ज्याला इतरांनी नाक मुरडलं, त्याचंच यांनी सोनं केलं.

या हॉटेलांची एक मोठी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या काळी जात विचारून पंगत मांडणाऱ्या खाणावळी होत्या. इराण्याच्या संगमरवरी टेबलाशी असं विचारायची पद्धत नव्हती. गिरणी कामगार, वकील, विद्यार्थी, टांगेवाला सगळे शेजारी बसून ब्रून-मस्का चहात बुडवून खायचे. स्वतः परका असलेल्या माणसाने सगळ्यांना बसायला जागा दिली!

ब्रिटानिया आणि बोमनकाका

अशाच एका इराणी गृहस्थाने, रशीद कोहिनूर यांनी, १९२३ साली मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागात ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ नावाचं हॉटेल काढलं. हे इंग्रजी नाव कशाला? तर इंग्रजांच्या राज्यात परवाना लवकर मिळावा म्हणून, असं त्यांचे चिरंजीव बोमन सांगायचे. आहे की नाही चतुराई! आसपास गोऱ्या साहेबांच्या कचेऱ्या. त्यांना मानवेल असं बेताच्या तिखटाचं जेवण तिथे मिळे.

बोमन कोहिनूर म्हणजेच आपल्या कोड्यातला माणूस. तुमच्या दादा-ताईच्या वयाचे असताना ते वडिलांच्या हाताखाली कामाला लागले. पुढे इंग्रज गेले, गिऱ्हाईक बदललं, शहर बदललं. बोमनकाका मात्र तिथेच. नव्वदी उलटल्यावरही ते टेबला-टेबलाशी जात, वाकून विचारपूस करत, स्वतः ऑर्डर घेत. उन्हातून आलेल्याला आधी गोड लिंबू सरबत घ्यायचा आग्रह! मालक असूनही गल्ल्यामागे नुसतं बसून राहणं त्यांना जमलंच नाही.

आता खरी गंमत ऐका. ज्या पदार्थासाठी ‘ब्रिटानिया’चं नाव लांबवर पोहोचलं, तो बोमनकाकांनी शोधलेला नाही! तो आणला त्यांच्या पत्नीने, बचनबाईंनी. त्या काही काळ इराणमध्ये नोकरीला होत्या. तिथे त्यांनी एक पुलाव पाहिला. भातावर बारीक, लालभडक, सुकवलेली आंबट फळं पेरलेली. तिकडे त्यांना ‘झरेश्क’ म्हणतात. पूर्व इराणात त्यांची मोठी शेती होते. बचनबाई परत आल्या आणि १९८० नंतरच्या त्या वर्षांत हा पुलाव त्यांनी हॉटेलात सुरू केला. पण जसाच्या तसा नाही हं! मुंबईकरांच्या जिभेला रुचेल असा आपला मसाला त्यात घातला. हाच तो प्रसिद्ध ‘बेरी पुलाव’. फळ इराणचं, मसाला इथला. सासऱ्यांनी सोडलेला देश सूनबाईंनी ताटात परत आणला!

राणी आणि गांधीजी

बोमनकाकांना इंग्लंडच्या राणीचं भारी कौतुक. तिच्याकडून आलेलं पत्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवत. २०१६ च्या एप्रिलमध्ये राणीचा नातू विल्यम आणि त्याची पत्नी केट मुंबईत आले, तेव्हा नव्वदी पार केलेल्या बोमनकाकांनी ताज हॉटेलात त्यांची भेट घेतली. तो फोटो वर्तमानपत्रांत झळकला.

तुमच्यातला एखादा विचारेल, “ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांचं कौतुक कशाला?” प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याच हॉटेलात गांधीजींचीही तसबीर होती. माणसाच्या मनात एकापेक्षा जास्त खोल्या असतात. सगळ्या आपल्याला पटायलाच हव्यात असं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी बोमनकाका गेले. हॉटेलचं काम त्यांच्या मुलांनी आधीच खांद्यावर घेतलं होतं.

तिकडेही तसंच

असं फक्त मुंबईतच घडलं असं समजू नका. ग्रीस देशातून अमेरिकेत गेलेल्या गरीब माणसांनीही हाच मार्ग धरला. न्यूयॉर्क शहरात ग्रीक मालकांची इतकी छोटी हॉटेलं झाली, की १९६३ मध्ये एका कंपनीने त्यांच्यासाठी ग्रीक झेंड्याच्या निळ्या-पांढऱ्या रंगांत कॉफीचा कागदी पेला काढला. पुढे तो पेला न्यूयॉर्कचीच ओळख बनला!

असं का होत असेल बरं? परक्या गावात भाषा यायला वेळ लागतो, ओळखी व्हायला वेळ लागतो. पण भूक सगळ्यांना सारखीच लागते. गरम चहा पुढे ठेवायला फार शब्द लागत नाहीत. मात्र पहाटे उठावं लागतं, घरच्या सगळ्यांना राबावं लागतं.

आता कोड्याचं उत्तर

बोमनकाका कुठले? इराणचे की मुंबईचे? माझं उत्तर : दोन्हीकडचे! आपलं कर्जत सोडून शहरात गेलेले तुमचे काका-मामाही तिथे ‘गाववाले’ आणि इथे आले की ‘पुणेवाले’ ठरतात, हो ना? ते जिथे गेले, तिथे कुणी तरी त्यांना बसायला जागा दिली असेल, किंवा दिली नसेल. घरी आले की जरूर विचारा.

आणि तुमच्या वर्गात किंवा गल्लीत बाहेरून कुणी राहायला आलं असेल, बोलण्याची ढब वेगळी असेल, तर हसू नका. शेजारी बसायला जागा द्या.

या रविवारी करून पाहा

आई-बाबांना बरोबर घ्या आणि आपल्या गावातल्या बाहेरून आलेल्या एखाद्या हॉटेलवाल्याशी किंवा दुकानदाराशी गप्पा मारा. गर्दीची वेळ टाळा बरं! विचारा :

१. तुमचं मूळ गाव कोणतं? ते का सोडलं?
२. इथे आल्यावर पहिली मदत कुणी केली?
३. पहिला मराठी शब्द कोणता शिकलात?
४. घरच्या कोणत्या पदार्थाची आठवण येते?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. पालकांनो, तुमच्या घराण्यातलं पहिलं कोण, कधी आणि का गाव सोडून गेलं, तेही त्याच वहीत मुलांना लिहून द्या.