बिबट्याची शिकवणी

मराठीच्या प्राध्यापकाचे जंगलात काय काम, असा प्रश्न गेल्या वर्षभरात आमच्या वाकोल्याच्या इमारतीतल्या निदान पाच जणांनी मला विचारला आहे. सहाव्या आमच्या सौभाग्यवती. रविवारी पहाटे मी बूट चढवू लागलो की त्या पांघरुणातूनच म्हणतात, “आज पुन्हा बिबट्याची शिकवणी वाटते!”

शिकवणी अर्थात बिबट्याला नसते, मला असते. त्याचे असे झाले. माझा एक विद्यार्थी एके दिवशी एक कागद घेऊन आला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत जाऊन बिबट्याविषयी लोकांशी बोलायचे, असे काम तो आणि त्याचे सोबती फावल्या वेळात करतात. “सर, एवढे शुद्धलेखन तपासून द्या,” तो म्हणाला. पहिलेच वाक्य होते, ‘बिबट्या हा मार्जारकुलातील निशाचर प्राणी असून परिस्थितीशी समायोजन साधण्याची त्याची क्षमता विलक्षण आहे.’ मी म्हटले, “शुद्धलेखन निर्दोष आहे. पण हे तू ऐकवणार कुणाला?”

“आरे कॉलनीतल्या बायकांना.”

मला हसू आवरेना. तो मात्र गंभीरपणे म्हणाला, “मग तुम्हीच चला ना, सर. सोपे करून सांगा.” वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठे आव्हान कोणते? मी गेलो आणि सपशेल नापास झालो.

ती हकिकत सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. मुंबईला खेटून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल उभे आहे. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, ठाणे अशी गावे वाढत वाढत त्याच्या कुंपणाला भिडली. या जंगलात आणि लगतच्या आरे परिसरात २०१५ साली केलेल्या पाहणीत ३५ बिबटे आढळले, तर २०१८ साली ४७. शेजारी असे म्हटल्यावर कुरबुरी आल्याच. पण २००४ साली कुरबुरींवर भागले नाही. त्या वर्षी बिबट्याच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसे दगावली. जो तो म्हणू लागला, पिंजरे लावा, बिबटे पकडा आणि दूर नेऊन सोडा.

उपाय ऐकायला सोपा वाटतो. परंतु जुन्नरकडे हाच उपाय करून झाला होता. डॉ. विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा उलटेच चित्र दिसले. बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडण्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर बिथरते, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या येऊन धरतो. उकिरडा तोच, उकिरड्यावरची कुत्री तीच. मग त्यांच्या मागावर येणारा पाहुणा तरी कसा चुकेल?

म्हणजे बिबट्याला शिकवता येत नाही. शिकायचे ते माणसानेच. हे ओळखून २०११ साली वनखात्याने अभ्यासकांना आणि साध्या नागरिकांना हाताशी धरून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पोलीस, पत्रकार, शाळा, गृहनिर्माण संस्था या सर्वांशी बोलायचे, तर त्यासाठी बोलणारी माणसे हवीत, आणि ती तयार करावी लागतात.

मुंबईला हे काम अगदीच नवखे नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. १९०८ च्या सुमारास सलीम नावाचा एक मुलगा स्वतःच मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन तिच्या कचेरीत बिचकत शिरला. ही कोणती चिमणी, एवढेच त्याला विचारायचे होते. मानद सचिव मिलार्डसाहेब त्याला वाटेला लावू शकले असते. त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून त्याच्यापुढे ठेवले. पुढे या मुलाचे डॉ. सलीम अली झाले. कुणीतरी प्रश्न घेऊन आले की आपले कपाट उघडायचे. निसर्गशिक्षण म्हणतात ते मुळात एवढेच आहे. आज त्याच संस्थेचे निसर्गशिक्षणाचे केंद्र गोरेगावला, उद्यानाच्या कडेलाच आहे.

आता माझ्या नापासाची गोष्ट. आमच्या शिकवणीत सकाळी रानात फिरून ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे ओळखायला शिकवतात. हे मला बरे जमले. नंतर मात्र नाटक असते. कुणी संतापलेला सोसायटीचा चिटणीस होतो, कुणी धुणीभांडी करणारी बाई, आणि आपण त्यांना समजवायचे. माझी पाळी आली, तेव्हा मी वेदांतल्या अरण्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटांनी शिकवणारी मुलगी नम्रपणे म्हणाली, “सर, बाई केव्हाच कामावर गेल्या.” सगळे हसले, सर्वांत मोठ्याने माझा विद्यार्थी!

मग तिने जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. प्रथम समोरच्याची भीती ऐकून घ्यायची. ‘घाबरू नका’ असे चुकूनही म्हणायचे नाही. मग चारच गोष्टी सांगायच्या. कचरा उघड्यावर टाकू नका, कारण कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांना बिबट्या. अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका आणि वाटेवर दिवा ठेवा. बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याची जायची वाट मोकळी ठेवा. घरात शिरलाच तर बाहेरून दार लावून घ्या आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. हल्ले करणारा नेमका बिबट्या हुडकून पकडणे निराळे. नुसता दिसला म्हणून पिंजरा मागणे निराळे.

पुढे एका संध्याकाळी आम्ही आरेतल्या एका पाड्यावर गेलो. मी चार वाक्ये घोकून आलो होतो. तिथे एका बाईने मुलाला कडेवर सावरत मला विचारले, “तुमच्या वाकोल्याला तो येतो का?” २०२२ च्या दिवाळीत याच आरेत एका तान्ह्या मुलीचा बिबट्याने जीव घेतला होता. मला घोकलेले एकही वाक्य आठवेना. मी म्हटले, “नाही हो, येत नाही,” आणि खाली बसलो. ती बोलत राहिली. रस्त्यावर दिवा नाही, संडास लांब आहे, कचऱ्याची गाडी आत येत नाही. अर्धा तास मी नुसता ऐकत होतो. शेवटी तीच म्हणाली, “दिव्याचा अर्ज कुणाला करायचा, तेवढे लिहून द्या.” परतताना माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, आज तुम्ही पास.”

तरीही तिचा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. वाकोल्याला बिबट्या येत नाही, पण त्याच्या जंगलाचे पाणी येते. उद्यानातल्या विहार तलावाचे पाणी ओसंडले की मिठी नदी वाहते, आणि आमचा वाकोला नाला याच मिठीला मिळतो. मिठी तुडुंब भरली की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, उलट चढते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हाच कित्येक मुंबईकरांना प्रथम कळले की मिठी ही नदी आहे! तोवर तीही नालाच होती. नदी आधी आपल्या तोंडात नाला होते, मग कचरा टाकायला हात कचरत नाही.

म्हणून आमच्या इमारतीच्या सभेत मी उठलो. व्याख्यान दिले नाही. तळमजल्यावरच्या आजोबांना त्या रात्रीची गोष्ट सांगायला लावली आणि आपण ऐकत बसलो. चिटणीसांनी विचारले, “मग करायचे काय?” एवढाच ठराव झाला, की मखराचे थर्माकोल आणि दुरुस्तीचा राडारोडा नाल्यात जाणार नाही. यंदाच्या गणपतीनंतर तो बव्हंशी पाळला गेला. शिवाय वरच्या मजल्यावरच्या दोन मुली रविवारी माझ्याबरोबर पहाटे उठू लागल्या आहेत.

परवाच्या शिकवणीत आणखी एक गोष्ट कळली. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करून दिवाळी सुरू करतो. त्याच दिवशी अनेक आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते आणि वाघोबाला नैवेद्य दाखवतात. बिबट्याही त्यांच्या लेखी वाघोबाच. शेजार टाळता येत नाही, तर निदान मर्यादा पाळून राहू, असे हे जुने बोलणे आहे. वर्गात इतकी वर्षे मी सणांवर निबंध लिहून घेतले, पण हा सण माझ्या यादीत नव्हता.

या वसुबारसेला मी त्या पाड्यावर जाणार आहे. दिवा लागला की नाही, तेही पाहायचे आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, “रिकाम्या हाताने जाऊ नका,” आणि चकल्यांचा डबा भरायला घेतला.