ताजा मासा आणि नवशिक्याचा तवा

पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याला समुद्रकिनारा आणि खाडी अशा दोन्हींची देणगी लाभली आहे, तर शेजारच्या तलासरी तालुक्याचा बहुतांश भाग डोंगरपायथ्याचा असून त्याचा समुद्राशी संबंध झाईसारख्या किनारी गावापुरताच येतो. त्यामुळे या भागात धाकटी डहाणू, चिंचणी किंवा झाई येथील बोटींवरचा मासा काही तासांत स्वयंपाकघरात पोहोचू शकतो, आणि मासे रांधण्याचा सराव नसलेल्या माणसाला याहून मोठी सवलत दुसरी नाही, कारण मासा खरोखर ताजा असेल तर त्यावर फारसे काही करावे लागत नाही. नवशिक्याच्या हातून पदार्थ बिघडतो तो बहुधा मसाला कमी पडल्यामुळे नव्हे, तर मासा गरजेपेक्षा जास्त वेळ आचेवर राहिल्यामुळे.

यामागचे कारण माशाच्या देहरचनेत आहे. बकऱ्याचे मांस लांब तंतूंचे असते आणि ते तंतू बांधून ठेवणारा चिवट भाग विरघळण्यास बराच वेळ लागतो; माशाचे तंतू मात्र आखूड असतात, त्यांना जोडणारे पडदे पातळ असतात आणि थोड्याशा उष्णतेनेही ते सैल होतात. म्हणूनच शिजलेला मासा पाकळ्यांसारखा सुटतो, आणि त्यानंतरही तो उकळत ठेवला तर पाणी सोडून कोरडा होतो किंवा रश्शात विरून जातो. बोटभर जाडीच्या तुकडीला मंद उकळीवर सात-आठ मिनिटे सहसा पुरतात. मांस अपारदर्शक होऊन मधल्या काट्यापासून सहज सुटले की भांडे उतरवावे.

खरेदीच्या वेळी डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले (म्हणजे श्वसनाचे अवयव) लालभडक आणि अंग दाबल्यावर लगेच पूर्ववत होणारे असावे. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो. उग्र दर्प ही शिळेपणाची खूण होय. खवले, कल्ले आणि पोटातील घाण काढण्याचे काम सुरुवातीला मासे विकणाऱ्या मावशींकडूनच करून घ्यावे, त्यात कमीपणा काहीच नाही, आणि त्यांची विळी कशी चालते हे पाहता पाहता पुढचे शिक्षणही होते. बांगडा आणि सुरमई यांच्याबाबत विशेष दक्षता हवी, कारण हे मासे उष्ण हवेत पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते, जे शिजवूनही नष्ट होत नाही आणि ज्यामुळे अंगावर लाली, खाज व डोकेदुखी उद्भवते; म्हणून बाजार दूर असल्यास सोबत बर्फ न्यावा.

या किनाऱ्याची खरी ओळख बोंबील आहे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, म्हणजे डोलीत, तो सापडतो. त्याच्या अंगात पाण्याचे प्रमाण इतर माशांपेक्षा पुष्कळ अधिक असल्याने तो हातात लुसलुशीत लागतो आणि थेट तव्यावर टाकल्यास पाणी सोडून मोडतो. जुन्या गृहिणींनी यावर काढलेला उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे: डोके व पर काढून बोंबील पोटाकडून उभा चिरून उघडायचा, मीठ लावून स्वच्छ कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवायचा आणि वर पाट व वरवंटा असे वजन अर्धा-पाऊण तास द्यायचे. मीठ पाणी ओढून घेते आणि वजन ते निपटून काढते. त्यानंतर हळद, तिखट, आले-लसणाचे वाटण व लिंबाचा रस चोळून, तांदळाचे पीठ आणि थोडा रवा यांच्या मिश्रणात घोळवून तो चांगल्या तापलेल्या तेलात सोडावा. खालची बाजू कडक होऊन आपोआप सुटेपर्यंत उलथने लावू नये, एकदाच उलटावे. घाई करणाऱ्याच्या तव्यावर बोंबलाचा चुरा होतो, हे मात्र खरे.

मांदेलीला एवढे सोपस्कार लागत नाहीत. ती साफ करून त्याच मसाल्यात तळली की बारीक काट्यांसकट खाता येते.

कालवण, म्हणजे भातासोबतचा पातळ रस्सा, करताना क्रम महत्त्वाचा असतो. तेलात ठेचलेला लसूण तांबूस करून हळद व तिखट घालावे, चिंचेचा कोळ आणि पाणी ओतून रस्सा आधी पूर्ण उकळू द्यावा, आणि बोयीच्या किंवा पापलेटच्या तुकड्या अगदी शेवटी सोडाव्यात. डाव फिरवण्याऐवजी भांडेच हलकेच हलवावे. चिंच किंवा कोकम केवळ चवीसाठी नसते. माशाच्या वासाला कारणीभूत असणारी द्रव्ये अल्कधर्मी असल्यामुळे आंबटपणा त्यांना निष्प्रभ करतो. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा घोषित करण्यात आले. तळहातापेक्षा लहान पापलेट घेणे टाळले, तर त्या मानाला अर्थ राहील.

सर्वांत निर्धोक रीत मात्र पानाची आहे. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात पारशी व इराणी कुटुंबांची जुनी वस्ती असून, पात्रानी मच्छी हा पारशी स्वयंपाकातील नावाजलेला पदार्थ आहे: पापलेटच्या तुकड्यांना ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची व लिंबू यांची चटणी लावून त्या केळीच्या पानात बांधायच्या आणि वाफवायच्या. पान आधी विस्तवावर धरले तर ते मऊ पडून फाटत नाही, आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटांत काम होते. आदिवासी पाड्यांवर ओहोळातले लहान मासे मीठ-मिरची लावून पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजले जातात, त्यामागील तत्त्वही हेच, की माशाचा स्वतःचा ओलावा पानातच कोंडून राहावा. पानातला मासा करपत नाही, मोडत नाही आणि त्याला तेलही लागत नाही, म्हणून पहिला प्रयोग याच रीतीने करणे उत्तम.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची समुद्रातील मासेमारी बंद असते आणि तेव्हा बाजारात दिसणारा पुष्कळसा समुद्री मासा बर्फात साठवलेला असतो. त्या दिवसांत नदी-ओहोळातले मासे, शेतातले खेकडे आणि उन्हाळ्यात वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, वाळवून ठेवलेले बोंबील यांवर घर चालते. सुके बोंबील तुकडे करून कोरडेच तव्यावर भाजावेत, गरम पाण्यात धुऊन घ्यावेत आणि कांदा-टोमॅटोच्या फोडणीत परतावेत.