चेंडू पायाला चिकटत नाही

“डॉक्टर, पोरांनी खेळ लई अवघड करून ठेवलाय अलीकडं.”

रक्तदाब मोजून घेताना एका काकांनी हे वाक्य उच्चारले तेव्हा मी हसलो आणि पट्टा सोडवून पुढच्या रुग्णाला हाक मारली. दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींची एक ठरीव यादी आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात असते. गुडघा, झोप, पोट, साखर या यादीत व्हिडिओ गेमला जागा नव्हती. ती असायला हवी होती, हे मला तीन महिन्यांनी कळले. वाचकहो, आजचा लेख त्या तीन महिन्यांविषयी आणि त्या खेळाविषयी आहे. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काका मूळचे कोल्हापूरचे. नोकरीसाठी दापोडीला आले आणि एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत पत्राकाम करून निवृत्त झाले. वय 74. मधुमेह बारा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि त्यानंतर काकांचे बोलणे आटले. एका विषयावर मात्र ते खुलत, तो म्हणजे फुटबॉल. कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते आणि पेठापेठांत त्यावरून चर्चा रंगतात. काकांचे तारुण्य त्या गॅलरीत गेले. त्यामुळे कॉलेजात जाणाऱ्या नातवाने दिवाणखान्यातल्या टीव्हीला यंत्र जोडून फुटबॉलचा गेम सुरू केला, तेव्हा आबा आपणहोऊन खुर्ची ओढून शेजारी बसले. आठवडाभर त्यांनी नुसते पाहिले. मग म्हणाले, “आण इकडं ते.”

खेळ कसा आहे?

नातवाचा गेम आजच्या, खऱ्या सामन्यासारख्या दिसणाऱ्या गेमपैकी नव्हता. जुन्या धाटणीचा होता. मैदान वरून दिसते, जणू आपण उंच मनोऱ्यावर उभे आहोत. खेळाडू बोटाच्या पेराएवढे. गती भलतीच. या घराण्यातला एक गाजलेला गेम म्हणजे डिनो डिनी यांनी तयार केलेला ‘किक ऑफ’ हा 1989 सालचा गेम. त्यानंतर 1992 साली ‘सेन्सिबल सॉकर’ आला. एक दांडी आणि एक बटण एवढ्यावर तो जमाना खेळत असे. त्याच शैलीचे गेम आजही नव्याने निघतात. डिनी यांनीच 2016 साली ‘किक ऑफ रिव्हायवल’ आणला.

‘किक ऑफ’चे वैशिष्ट्य आणि त्याची अवघड बाजू एकच आहे. त्यात चेंडू खेळाडूच्या पायाला चिकटून राहत नाही. इतर बहुतेक गेममध्ये खेळाडू वळला की चेंडूही त्याच्याबरोबर वळतो. इथे खेळाडू वळतो आणि चेंडू आपल्या वाटेने सरळ निघून जातो. तो कुठे जाईल हे आधी ताडावे लागते आणि क्षणभर आधी तिकडे वळावे लागते. चूक झाली की विचार करायला सवड नाही, तोवर आपल्यावर गोल झालेला असतो. नवख्या माणसाने पहिले काही दिवस फक्त हरायचे, असाच हा खेळ आहे. नातू पहिल्या दिवशी नऊ-शून्यने जिंकला आणि त्याने आजोबांना मुद्दाम एकही गोल करू दिला नाही. काकांना हीच गोष्ट फार आवडली. “काकू गेल्यापास्नं सगळी मला काचेच्या भांड्यागत जपत्यात,” ते म्हणाले होते. “हा एकटा मला सरळ हरवतो.”

मेंदूला व्यायाम होतो का?

घरोघरी विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. 2013 साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील शास्त्रज्ञांनी 60 ते 85 वर्षे वयाच्या लोकांना गाडी चालवता चालवता खुणा ओळखण्याचा, खास तयार केलेला गेम महिनाभरात सुमारे बारा तास खेळायला दिला. एकाच वेळी दोन कामांवर लक्ष ठेवण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनंतरही बऱ्याच अंशी टिकली. हे संशोधन ‘नेचर’मध्ये छापून आले. 2017 साली कॅनडातील माँट्रियलच्या गटाने 55 ते 75 वयाच्या व्यक्तींना सहा महिने ‘सुपर मारिओ 64’ हा गेम दिला आणि स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागात वाढ नोंदवली.

बातमी चांगली आहे, पण तिचा विस्तार किती करायचा याला मर्यादा आहे. हे अभ्यास थोड्या लोकांवर झाले आणि ते ठरावीक गेमपुरते होते. जुन्या धाटणीच्या फुटबॉल गेमला त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. ज्या गोष्टीचा सराव करतो ती गोष्ट सुधारते, एवढे खात्रीने सांगता येते. त्याने विसरभोळेपणा टळेल, असे कोणी सांगत असेल तर सावध व्हा. ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीला पुराव्याविना असे दावे केल्याबद्दल 2016 साली अमेरिकेत 20 लाख डॉलर भरावे लागले. तेव्हा हा खेळ औषध म्हणून घरात आणू नका. खेळ म्हणून आणलात तर तो पुष्कळ काही देतो. नव्याने काही शिकण्याचा आनंद देतो आणि शेजारी बसायला माणूस देतो. एकटेपणा हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या धोक्यांपैकी एक मानला जातो, हे लक्षात घेतले तर शेजारचा माणूस ही लहान गोष्ट नव्हे.

माझ्या दोन चुका

काकांनी प्रथम या गेमविषयी सांगितले तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, “खेळा की, डोकं ताजं राहील.” किती वेळ, कधी, कशाच्या बदल्यात, हे विचारले नाही. ही पहिली चूक. काकांची संध्याकाळची फेरी मुळा नदीवरच्या हॅरिस पुलाच्या बाजूने होत असे. नातू कॉलेजातून येण्याची वेळही तीच. फेरी बंद पडली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 7.1 वरून 8.2 वर गेली आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ सूज आली. अंगठा वारंवार दाबल्याने तिथल्या कंडरेच्या आवरणाला दाह होतो. हा प्रकार नवा नाही. 1990 साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच तास सलग गेम खेळून अंगठा दुखावलेल्या पस्तीस वर्षांच्या स्त्रीची नोंद आली, तेव्हा त्याला ‘निन्टेंडिनायटिस’ असे गमतीशीर नावही मिळाले. मधुमेही माणसाच्या हाताला असा त्रास अधिक सहज होतो. अंगठ्याला विश्रांती, काही दिवस आधारपट्टी, आणि “आधी फेरी, मग सामना” हा नियम यांनी ते प्रकरण मिटले.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. लेखाच्या आरंभी दिलेले वाक्य काकांनी उच्चारले तेव्हा मी मनात म्हटले, वय झाले. वृद्ध माणसाच्या प्रत्येक तक्रारीला हे उत्तर बसते, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे.

पुढच्या वेळी काकांबरोबर नातू आला होता. तो सहज बोलून गेला, “डॉक्टरकाका, गेम काही बदललेला नाही. पण आबा आधी तीन-दोनपर्यंत यायचे, आता सहा-शून्यने हरतात. खिडकीतून उजेड आला की त्यांना चेंडूच सापडत नाही. पडदा ओढला की जरा बरं खेळतात.”

मी लेखणी खाली ठेवली. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकतो का, असे काकांना विचारले. फाकतो म्हणाले, बरेच दिवस. वर्तमानपत्र? “मथळे वाचतो.” आणि मग बऱ्याच आढेवेढ्यांनंतर त्यांनी सांगितले की पंधरा दिवसांपूर्वी मेट्रो स्थानकाच्या जिन्यावर शेवटची पायरी त्यांना दिसली नव्हती. कठडा हाती लागला म्हणून वाचले. घरी त्यांनी हे कळू दिले नव्हते, कारण मग एकट्याने बाहेर जाणे बंद झाले असते.

भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभे केले तेव्हा उजव्या डोळ्याची दृष्टी 6/24 आणि डाव्याची 6/18 भरली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदूत अक्षरे पुसट होण्याच्या आधीपासून दोन रंगांमधला फरक मंदावतो आणि उजेडाने डोळे दिपतात. हिरव्या मैदानावरचा लहानसा पांढरा चेंडू हरवतो, त्याच कारणाने राखाडी पायरीची राखाडी कडही हरवते. चेंडू हरवला तर गोल होतो. पायरी हरवली तर खुब्याचे हाड मोडते, आणि या वयात त्यातून पूर्ववत चालणे पुष्कळांना जमत नाही. गेमने महिनाभर आधी सूचना दिली होती. ती ऐकायला मी तयार नव्हतो.

मधुमेह असल्याने नेत्रतज्ज्ञांनी पडद्याचीही तपासणी केली, साखर आटोक्यात आणायला लावली आणि मग एकेका डोळ्याची शस्त्रक्रिया केली.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आपल्या घरातील वडीलधारी माणसे असा गेम खेळत असतील, किंवा पत्ते, कॅरम, शब्दकोडे, काहीही रोज खेळत असतील, तर त्यांच्या खेळाकडे जरा लक्ष ठेवा. रोजच्या सवयीच्या खेळात झालेला बदल घरच्यांना चटकन दिसतो. तो परीक्षा म्हणून घेऊ नका आणि त्यावरून निदानही करू नका. डॉक्टरांना मात्र सांगा.

बदल हळूहळू होत असेल तर आधी डोळे तपासा. हात थरथरतो का, बोटे आखडतात का, ऐकू कमी येते का, मन कशात लागेनासे झाले आहे का, हेही पाहा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारी व्यक्ती खेळता खेळता घामाघूम, चिडचिडी किंवा गोंधळलेली दिसली तर साखर उतरली असण्याची शक्यता धरा. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि साखर मोजा.

बदल अचानक झाला तर एक मिनिटही थांबू नका. हातातला नियंत्रक गळून पडणे, एका बाजूचे दिसेनासे होणे, तोंड वाकडे होणे, शब्द अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.

खेळण्याचे काही साधे नियम आहेत. एका बैठकीला अर्धा तास पुरे. मग उठून घरात एक फेरी मारावी. खुर्चीला पाठ असावी आणि पाय जमिनीला टेकलेले असावेत. खिडकी पाठीशी किंवा टीव्हीमागे नको, बाजूला हवी. पापण्या मिटण्याचे भान ठेवावे, कारण एकटक पाहताना डोळे कोरडे पडतात. झोपण्याआधी तासभर खेळ बंद. खेळताना छातीत दुखले, दडपण आले किंवा धाप लागली तर खेळ सोडून तडक डॉक्टरांकडे जावे. फिट्स येत असतील तर लुकलुकणाऱ्या चित्रांचे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. मोबाइलवर खेळत असल्यास त्याला बँकेचे खाते किंवा कार्ड जोडलेले नसावे. आणि चालण्याच्या बदल्यात गेम कधीही नको. आठवड्याला किमान दीडशे मिनिटे चालणे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम हे जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी सांगितलेले प्रमाण आहे, ते गेम खेळून भरत नाही.

नातवंडांना एक विनंती. आजी-आजोबांच्या हातून नियंत्रक ओढून घेऊन “असं करायचं” म्हणून दाखवू नका. त्यांना चुकू द्या. आणि दया म्हणून हरूही नका. ते त्यांना लगेच कळते.

काका परवा आले होते. साखर 7.3. संध्याकाळची फेरी सुरू आहे, पायऱ्या दिसतात. नेत्रतज्ज्ञांनी परवानगी दिल्यापासून सामनेही पुन्हा सुरू झाले आहेत. मी विचारले, “काय काका, जिंकलात का?”

“न्हाई. चार-दोन,” ते म्हणाले. “पण चेंडू कुठं गेला ते आता दिसतं.”

आपल्या घरातील ज्येष्ठांचे डोळे शेवटचे कधी तपासले, हे आठवत नसेल तर या आठवड्यातच तपासून घ्या.