एक शब्द, तीन अर्थ आणि शिंगणापूरचा चौथरा

इंग्रजी ‘एनॅक्टमेंट’ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधू गेले, तर हाती तीन लागतात. विधिमंडळ कायदा करते, ते अधिनियमन. नट भूमिका उभी करतो, तो अभिनय. मनोविश्लेषणातल्या अर्थासाठी मी ‘करून सांगणे’ असे म्हणतो. रुग्णाला जे आठवत नाही, ते तो नकळत कृतीतून पुन्हा करतो, असे फ्रॉइडने १९१४ च्या एका निबंधात मांडले. हे तिन्ही अर्थ आमच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापूरला, एकाच चौथऱ्यावर भेटले.

सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत कोणत्याही वर्गाच्या हिंदूला प्रवेशाचा हक्क देणारा कायदा १९५६ चा. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. विधीच्या दृष्टीने अधिनियमन तिथे पुरे झाले. चौथरा मात्र स्त्रियांना बंदच राहिला.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली. त्यानंतर शुद्धीसाठी दुधाचा अभिषेक झाला. ‘परंपरा’ म्हणणाऱ्यांना ‘विटाळ’ हा शब्द उच्चारावाच लागला नाही. दुधाच्या धारेने तो उच्चारला. फ्रॉइडची संज्ञा एका रुग्णापुरती आहे, समूहाला ती जपूनच लावावी. मी इथे कोणाचे मन वाचत नाही, फक्त कृती वाचतो.

विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच जुन्या कायद्याच्या अंमलबजावणीवर बोट ठेवले. दुसऱ्या दिवशी चौथऱ्याकडे निघालेल्या स्त्रियांना तरीही अडवले गेले. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. देवस्थानाने तेव्हा पुरुषांनाही चौथरा बंद केला होता. ती बंदी मोडून गावकरी पुरुषांनी प्रवरासंगमाचे पाणी शिळेला घातले. मग विश्वस्तांनी चौथरा सर्वांना खुला केला आणि त्याच दिवशी स्त्रिया वर चढल्या.

त्या दिवशी नवे कलम आले नव्हते. ‘अभिनय’ शब्दात ‘अभि’ आणि ‘नी’ आहेत, म्हणजे पाहणाऱ्याकडे नेणे. कलमातला अर्थ त्या पायऱ्यांवरून लोकांसमोर नेला गेला. फरक एवढाच, की नटाने रंग पुसला की भूमिका संपते; इथे चढून उतरल्यावरही हक्क मागे उरला.

नाटक लिहून झाले तरी ते ‘उभे राहिले का?’ असे आपण विचारतो. कायद्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. शिंगणापुरात त्याचे उत्तर मिळायला साठ वर्षे लागली.