आवाज मोठा नको, स्पष्ट हवा

मागच्या वर्षी हिवाळ्यात जळगावात आमच्या मोहल्ल्यात सीरतचा जलसा झाला. पुढे पुरुषांची बैठक, मध्ये कनात आणि कनातीमागे आम्ही स्त्रिया. स्टेजजवळ दोन भलेमोठे स्पीकर होते. तकरीर दीड तास चालली. उठताना शेजारच्या खाला म्हणाल्या, "बाजी, आवाज तो बहुत आई, समझ में कुछ नहीं आया."

खाला सत्तरीच्या पुढच्या. गुडघे दुखत असताना आल्या होत्या आणि रिकाम्या हाताने परत गेल्या. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, मुलांचे उच्चार सुधारण्यात माझी वर्षे गेली. मौलानांचे उच्चार तर उत्तम होते. मग अडले कुठे? दुसऱ्या दिवशी साऊंडवाल्या भाऊंकडे गेले. सामान आवरता आवरता त्यांनी मिक्सर उघडून दाखवला. "बाजी, ह्याच्यावर कोणी लक्षच देत नाही. सगळे म्हणतात, आवाज वाढव."

मिक्सर पाहिला की बटणांच्या गर्दीने घाबरायला होते. पण तो आपल्या हजेरीपटासारखा आहे. एका विद्यार्थ्याची एक ओळ, तसा एका माईकचा एक चॅनल. आठ चॅनलच्या मिक्सरवर त्याच नॉबच्या आठ उभ्या रांगा असतात. एक रांग समजली की सगळ्या समजल्या. वरून खाली यायचे.

सर्वांत वर 'गेन'. माईकमधून येणारा आवाज किती आत घ्यायचा, ते हा नॉब ठरवतो. वक्त्याला प्रत्यक्ष बोलतो तशाच आवाजात बोलायला सांगावे आणि नॉब हळूहळू वाढवावा. हिरवा दिवा चालेल. लाल दिवा लागला की आवाज फाटतो. इथे फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

त्याखाली 'हाय', 'मिड' आणि 'लो'. पत्र्याच्या मंडपात किंवा सिमेंटच्या हॉलमध्ये जाडसर घुमणारा आवाज शब्दांना झाकून टाकतो. म्हणून बोलण्याच्या माईकचा 'लो' थोडा कमी करावा. 'लो कट' नावाचे बटण असेल तर दाबावे. स, श, त, फ ही अक्षरे बारीक आवाजावर जगतात, त्यामुळे 'हाय' फार कमी करू नये. आधी नको ते कमी करावे. वाढवायचे ते नंतर, आणि थोडेच.

मग येतो 'ऑक्स'. खालांचे उत्तर या नॉबमध्ये होते. त्या चॅनलचा आवाज मुख्य स्पीकरखेरीज दुसऱ्या वाटेने पाठवायची ही सोय आहे. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर बहुधा यावरच चालतो. दुसरा ऑक्स असेल तर त्यावर स्त्रियांच्या बैठकीसाठी वेगळा छोटा स्पीकर लावता येतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. पुढचे स्पीकर वाढवले तर पुढच्यांचे कान दुखतात आणि मागे नुसता गोंगाट पोहोचतो. त्यापेक्षा मागे जवळ ठेवलेला छोटा स्पीकर बरा. मैदान फार लांब असेल तर मात्र एक अडचण येते. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे एकच शब्द दोनदा ऐकू येतो. तिथे मागच्या स्पीकरला 'डिले' लावावा लागतो.

आता 'इको'. आमच्याकडे नातखां माईकसमोर आला की पहिली मागणी इकोची. नातेला थोडा इको शोभतो, पण तोच बोलण्याला लागला की शब्दावर शब्द चढतो. धुळ्याला नात्यातल्या एका निकाहात इको तसाच चालू राहिला होता. काझीसाहेबांनी महर जाहीर केला आणि अर्ध्या मंडपाने 'ग्यारह हजार' ऐकले, अर्ध्याने 'बारह हजार'. जेवणाच्या पंगतीत तोच वाद. हसू आले, पण महर ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. साक्षीदारांना आणि वऱ्हाडाला ती रक्कम स्वच्छ ऐकू यायलाच हवी. नात संपली की इको बंद, ही सवय लावून घ्यावी.

सर्वांत खाली 'फेडर', म्हणजे वर-खाली सरकणारी पट्टी. गेन एकदा बसवला की कार्यक्रमभर बोटे फेडरवर. जो बोलत नाही त्याचा माईक बंद. चार माईक उघडे राहिले तर चौघांतून स्पीकरचा आवाज परत मिक्सरमध्ये शिरतो, तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, आणि मग ती कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. शिट्टी आली की आधी फेडर खाली घ्यावा. माईक स्पीकरच्या मागे ठेवावा, समोर नाही. वक्त्याने तो तोंडापासून मूठभर अंतरावर धरावा आणि त्याची जाळी हाताने झाकू नये.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. नाहीतर 'धप्प' असा दणका बसतो आणि स्पीकर जाऊ शकतो. आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये उन्हाळा कसा असतो, ते सांगायला नको. ॲम्प्लिफायरला सावली आणि वारा मिळू द्यावा, त्यावर चादर टाकू नये.

कायदाही हेच शिकवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. नियम सर्वांना सारखाच. आणि शेजारी कोणी आजारी असेल, कोणाची दहावीची परीक्षा असेल, तर शेजाऱ्याचा हक्क आपल्याला कोणी वेगळा शिकवायला नको.

आता आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मिक्सरवर नववीच्या दोन मुली बसतात. प्रत्येक चॅनलवर त्या कागदी पट्टी चिकटवतात: निवेदन, किराअत, नात, भाषण. एक मिक्सरवर बसते, दुसरी शेवटच्या रांगेत उभी राहते आणि हाताने खूण करते. मिक्सरजवळ बसून मागे काय ऐकू येते ते कळत नाही, तिथे कोणीतरी जावेच लागते.

यंदाच्या जलशात साऊंडवाल्या भाऊंनी कनातीमागे वेगळा स्पीकर ठेवला. पुढचा आवाज गेल्या वर्षीपेक्षा कमीच होता. सुरुवातीला दोन-तीन वेळा ते स्वतः कनातीपर्यंत आले आणि एका मुलाला आत पाठवून विचारून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला काठी टेकत माझ्या दारात. मौलानांनी सांगितलेला वारशातला मुलीचा हिस्सा त्यांना पुन्हा नीट समजून घ्यायचा होता.