होडी रंगवायची किती, समुद्रात न्यायची कधी?



१ जून ते ३१ जुलै ही बंदी म्हणजे होडीच्या कामाचे ६१ दिवस. पण आपल्या गोव्यात हेच दिवस भर पावसाचे. लाकूड नीट सुकत नाही आणि ओल्या फळीवर मारलेला रंग लवकर पोपडे धरतो. मग दुसरा हात बाकी म्हणून होडी ऑगस्टमध्येही किनाऱ्यावरच राहते. सुंगटांचे चांगले दिवस नेमके तेव्हाच असतात!

म्हणून कामाचा क्रम आधी ठरवा.

पहिलं काम पाण्याखालचं. तळाला चिकटलेले शिंपले, शेवाळ खरवडून काढा. तळ खडबडीत राहिला की होडी जड चालते, डिझेल जास्त जातं. फळ्यांच्या फटी बघा. पंख्याच्या शाफ्टजवळून पाणी झिरपतं का तेही बघा. झिंकची प्लेट झिजली असेल तर बदला. एक लक्षात ठेवा, झिंकवर रंग मारू नका. पंखा-शाफ्ट वाचावा म्हणून ती स्वतः झिजते. रंगवलेली प्लेट दिसायला छान, पण उपयोग शून्य.

दुसरं काम इंजिन, पाणी उपसायचा पंप, दिवे आणि लाईफ जॅकेट.

तिसरा रंग. रंग म्हणजे नुसती हौस नव्हे. ऊन आणि खाऱ्या पाण्यापासून लाकूड त्यानेच वाचतं, आणि नोंदणी नंबरही स्पष्ट दिसायला हवा. नाळेवर देवाचं नाव सुबक असावं असं कोणाला वाटत नाही? पण केबिनची नक्षी, झालर, स्टिकर यांच्यासाठी धंद्याचा दिवस घालवू नका. हवामानाचा इशारा आला की होडी जेटीला बांधलेलीच असते, ते काम तेव्हा करा.

याच्या उलट, हंगामभर होडी नुसती पळवायची आणि हात लावायचा नाही, हेही परवडत नाही. महिन्यातून अर्धा दिवस फिल्टर, पंप आणि झिंक तपासायला ठेवा. भर हंगामात इंजिन बसलं तर आठवडा जातो, शिवाय खलाशांचा खर्च चालूच.

आपण होडी घेतली ती समुद्रात जायला. पहाटे किनारा मागे पडतो, जाळं ओढताना हाताला वजन लागतं. ते सुख चकचकीत रंगवून जेटीला उभ्या केलेल्या होडीत कुठलं? तेव्हा आज होडीभोवती एक चक्कर मारा, उरलेली कामं कागदावर लिहा, आणि ज्याच्याशिवाय होडी सुरक्षित चालणार नाही तेच आधी उरका.